ओपन सोर्सला हातभार लावायचा तर आधी ते वापरावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरला, म्हणजे ज्याची मूळ संहिता (सोर्स कोड) कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते अशा सॉफ्टवेअरला, योगदान दिल्याने तरुणांना नोकरी मिळण्यास कशी मदत होते, याविषयीचा लेख आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत वाचला. हा विषय मराठी दैनिकात आला याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु योगदानाची सुरुवात कुठून करावी याबद्दल त्या लेखात जे सुचवले आहे, म्हणजे कोणताही प्रकल्प निवडून त्यात लगेच एखादा छोटा बदल पाठवावा, ते मला पटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी मालवण तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तरीही गेली काही वर्षे मी अशाच एका प्रकल्पाचे थोडे थोडे काम करत आले आहे, आणि त्या अनुभवातून माझे असे ठाम मत झाले आहे की ज्याला असे योगदान द्यायचे आहे त्याने प्रथम ते सॉफ्टवेअर रोजच्या कामात वापरावे, त्यात आपल्याला काय अडते ते नीट पाहावे आणि तेवढेच एक काम हाती घ्यावे.

माझ्या मनात हा विषय घोळू लागला तो आमच्या भागातील एका महाविद्यालयात झालेल्या कार्यशाळेपासून. मीही तिथे श्रोता म्हणून बसले होते. मुलांना सकाळी गिट, म्हणजे संहितेतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, कशी वापरायची ते सांगितले गेले आणि दुपारी असे जाहीर झाले की संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने निदान एक पुल रिक्वेस्ट पाठवली पाहिजे, तरच प्रमाणपत्र मिळेल. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘मी केलेला हा बदल आपल्या मूळ प्रकल्पात घ्यावा’ अशी विनंती. ज्या प्रकल्पाचे नाव मुलांनी त्या दिवसापर्यंत ऐकलेही नव्हते, ज्याचा उपयोग काय हे त्यांना ठाऊक नव्हते, त्याच्या माहितीच्या फाइलमध्ये कोणी एक स्वल्पविराम घातला, कोणी स्वतःचे नाव लिहिले, कोणी ‘उत्तम प्रकल्प’ एवढे दोन शब्द जोडले, आणि विनंत्या रवाना झाल्या. मुलांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांना जे करायला सांगितले ते त्यांनी केले.

पण त्या विनंत्या जिथे पोहोचतात तिथे कोणीतरी माणूस बसलेला असतो, आणि त्याला त्या एकेक उघडून वाचाव्या लागतात. २०२० साली हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. त्या टी-शर्टापायी निरर्थक बदलांचा एवढा लोंढा आला की ज्या प्रकल्पांची तशी तयारी आहे त्यांनाच उपक्रमात धरायचे, असा नियम आयोजकांना ऐन ऑक्टोबरात करावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या, वेबसाइटी बांधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर, माहितीच्या फाइलमध्ये केवळ स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्या ढिगाने आल्या, कारण भारतातील एका यूट्यूब पाठात पुल रिक्वेस्टचे प्रात्यक्षिक त्याच प्रकल्पावर करून दाखवलेले होते आणि पाहणाऱ्यांनी ते जसेच्या तसे गिरवले. त्या वेळी आपल्या देशातील विद्यार्थ्यांविषयी जे बोलले गेले ते वाचताना मला वाईट वाटले, आणि अजूनही वाटते, कारण त्याच देशातली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे निगुतीने हे काम करत आली आहेत.

या प्रकल्पांची देखभाल करणाऱ्यांना मेंटेनर म्हणतात. त्यांपैकी काहींना कंपन्यांकडून पगार मिळतो, पण पुष्कळजण नोकरी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात हे करतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या, छोट्याशा पण लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीच्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर असणाऱ्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. ते साधन मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता आणि तो थकलेला होता; मदतनीस म्हणून आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ खरोखरचे उपयुक्त काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग घात केला. हा प्रकार पकडला तो आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तोही कशावरून, तर दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले म्हणून. रोज वापरणाऱ्या माणसाची ही सावध नजर मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते. थकलेल्या मेंटेनरला अनोळखी माणसांच्या शंभर पोकळ विनंत्या नको असतात. आपले काम समजून घेऊन बरोबर टिकणारी, ओळखीची झालेली दोन-तीन माणसे हवी असतात.

आता आमच्या वाचनालयाविषयी. आम्ही कोहा नावाचे सॉफ्टवेअर वापरतो. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयाचे जुने सॉफ्टवेअर २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हते आणि नवे महागडे सॉफ्टवेअर घेणे त्यांना परवडत नव्हते, तेव्हा त्यांनी १९९९ मध्ये कोहा तयार करून घेतले, २००० च्या जानेवारीत ते वापरात आणले आणि सर्वांसाठी खुले करून टाकले. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट, आणि ज्याला भेट मिळाली त्याने पुढे कधीतरी परत काही द्यावे, असा भावही त्या शब्दात आहे. त्या एवढ्याशा ग्रंथालयाने दिलेली भेट आज जगभरातली ग्रंथालये वापरतात. कोहा वापरणाऱ्यांचे आणि घडवणाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय संमेलन २०११ मध्ये ठाण्यात, म्हणजे आपल्याच कोकण विभागात, भरले होते. इतके जवळ येऊन गेलेले हे काम आमच्या तालुक्यांपर्यंत मात्र फारच थोडे पोहोचले, याची मला खंत वाटते. आमच्यासारख्या वाचनालयाला अनुदान किती मिळते हे वाचकांना ठाऊक आहे. विकतचे सॉफ्टवेअर आणि त्याचे दरवर्षीचे नूतनीकरण आम्हाला शक्यच नव्हते. परंतु केवळ फुकट मिळाले म्हणून आम्ही ते घेतले असे मी म्हणणार नाही. त्याच्या परवान्याने ते वापरण्याचा, आतून कसे चालते हे पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेले पुढे देण्याचा हक्क आम्हाला लेखी मिळालेला आहे, आणि उद्या ते पुरवणारी संस्था बंद पडली तरी आमची दाखल नोंदवही कोणाच्या कुलपात अडकणार नाही, ही गोष्ट आमच्या कार्यकारी मंडळाला अधिक महत्त्वाची वाटली.

माझ्या पहिल्या कामाची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण तीतून मी सर्वांत जास्त शिकले. एका सभासदांना गावऱ्हाटीवरील, म्हणजे कोकणातील गावांच्या देवस्थान-रूढींवरील, पुस्तके हवी होती. मी शोधाच्या चौकटीत ‘गावऱ्हाटी’ हा शब्द घातला, तर एकही पुस्तक सापडले नाही, आणि माझ्या पाठीमागच्या कपाटात त्या विषयाची तीन पुस्तके मला डोळ्यांनी दिसत होती. ‘कोहाला मराठी शोधता येत नाही’ अशी तक्रार प्रकल्पाकडे लिहायला मी बसले होते. आमच्याकडे वाचायला येणाऱ्या, संगणकाचे शिक्षण घेतलेल्या एका मुलाने मला थांबवले आणि म्हणाला, “बाई, आधी त्या पुस्तकाच्या नोंदीतलाच शब्द उचलून शोधात घालून बघूया.” तसे केल्याबरोबर पुस्तक सापडले. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसत होते, तरी संगणकाला ते वेगळे वाटत होते.

कारण असे निघाले. पऱ्या, दऱ्या, गाऱ्हाणे, वऱ्हाड या शब्दांत आपण जो अर्धा ‘ऱ’ लिहितो, तो संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. युनिकोड या, संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ला ०९३१ हा स्वतंत्र सांकेतांक आहे आणि त्याच्यापुढे हलन्त दिला की हा अर्धा आकार उमटतो, इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून तो मिळतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, त्याच्यापुढे हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घातले जाते. छापून आल्यावर दोन्हींत काडीइतकाही फरक दिसत नाही. आमच्या जुन्या नोंदी उच्चारावरून टंकन करणाऱ्या एका साधनाने भरलेल्या होत्या आणि मी इनस्क्रिप्टने शोधत होते. म्हणजे सॉफ्टवेअरने माझे काहीच बिघडवले नव्हते. आमच्याच नोंदींत दोन प्रकारचे ‘ऱ’ शिरले होते. पुढे दोन महिने रोज दुपारी बसून आम्ही त्या नोंदी एकसारख्या केल्या, आणि हा घोळ कसा ओळखावा व कसा टाळावा याचे एक पानी टिपण करून ओळखीच्या ग्रंथपालांना पाठवले. हे टिपणही योगदानच आहे, असे त्या मुलाने मला सांगितले तेव्हा मला नवल वाटले. आज वाटत नाही, कारण ज्या प्रकल्पाला माहितीपुस्तिका नीट नाही, तो कितीही चांगला असला तरी आमच्यासारख्यांना वापरता येत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

दोष कसा कळवावा हेही मी त्याच निमित्ताने शिकले. कोकणात देवळात गाऱ्हाणे घालणारा मानकरी गावाचे नाव घेतो, घराचे नाव घेतो, कोणासाठी मागणे आहे ते सांगतो आणि नेमकी अडचण काय ते स्पष्ट शब्दांत मांडतो, तेव्हाच जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणतात. दोषाची नोंद, जिला बग रिपोर्ट म्हणतात, तीही तशीच असावी लागते. सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, कोणत्या पानावर गेलो, कोणते बटण दाबले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे ओळीने लिहावे. पडद्याचे चित्र जोडावे, आणि चुकीचा संदेश आला असेल तर त्यातील मजकूर जसाच्या तसा द्यावा. आपल्यासारखीच तक्रार आधी कोणी नोंदवली आहे का, हे शोधून पाहणे त्याहून आधी. असेल तर नवी नोंद न करता त्याच नोंदीखाली ‘आमच्याकडेही असेच होते आणि आमची आवृत्ती अमुक आहे’ एवढे लिहिले तरी पुरते. ‘चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ असे लिहिलेली नोंद वाचणाऱ्याचा वेळ खाते आणि आपले कामही होत नाही.

यानंतर मी भाषांतराकडे वळले, आणि जी मुले-मुली मराठी मन लावून शिकली आहेत त्यांनी याच कामापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. कोहा, लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसारख्या मोठ्या प्रकल्पांत पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ भाषांतरासाठी वेगळी काढून ठेवलेली असते आणि ब्राउझरमध्येच, खाते उघडून, ती भरता येते. मात्र इथे शब्दकोश उघडून चालत नाही. त्या व्यवसायातली माणसे काय बोलतात ते ठाऊक असावे लागते. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी ‘पेट्रन’ हा शब्द जागोजागी येतो. शब्दकोशात त्याला ‘आश्रयदाता’ म्हटलेले सापडेल, पण आमच्या वाचनालयात जो वर्गणी आणि अनामत भरतो तो ‘सभासद’. ‘चेक आउट’ आणि ‘चेक इन’ या दोहोंना मिळून आम्ही ‘देवघेव’ म्हणतो, ‘अ‍ॅक्सेशन नंबर’ला ‘दाखल क्रमांक’, ‘आयटम’ला ‘प्रत’, आणि फाटून वापरातून काढलेल्या पुस्तकांना ‘बाद पुस्तके’. हे शब्द महाराष्ट्रातील ग्रंथालयांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ सालचे आहे. एवढी जुनी परंपरा असताना तिचे शब्द संगणकाच्या पडद्यावर नसावेत, हे मला सहन होत नाही.

भाषांतरात तांत्रिक काळजीही घ्यावी लागते. ओळीच्या मध्ये टक्क्याचे चिन्ह आणि एखादे रोमन अक्षर असे काहीतरी आलेले असते. ती सॉफ्टवेअरने नंतर संख्या किंवा नाव भरण्याची जागा असते, ती पुसली तर ते पान बिघडू शकते. मराठीत नामाला लिंग असल्यामुळे ‘परत केला, केली की केले’ हा प्रश्न पावलोपावली येतो, आणि त्या जागी पुढे ‘अंक’ येणार आहे, ‘प्रत’ येणार आहे की ‘पुस्तक’, हे कळत नसेल तर वाक्याची रचनाच अशी करावी लागते की कोणताही शब्द आला तरी ते खटकणार नाही. एकवचन आणि अनेकवचन यांच्या ओळी वेगळ्या भराव्या लागतात. एक शब्द एकदा ठरवला की तो सगळीकडे तसाच ठेवावा, आणि तो बदलावा असे वाटले तर आधी भाषांतर करणाऱ्या इतरांशी बोलून घ्यावे. मी सुरुवातीला एका दिवसात चाळीस ओळी भरल्या आणि पुढच्या आठवड्यात त्यांतल्या निम्म्या बदलल्या. आता दिवसाला दहाच करते आणि त्या देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या सहकारी ताईंना मोठ्याने वाचून दाखवते.

प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याला करता येईल असे आणखी एक काम आहे, आणि त्याची माहिती मराठीत मी कुठे वाचलेली नाही. कोहामध्ये कोणीही केलेला बदल, म्हणजे पॅच, थेट स्वीकारला जात नाही. बदल करणाऱ्याने त्याच्यासोबत चाचणी कशी करायची याच्या पायऱ्या लिहून द्याव्या लागतात. मग दुसऱ्या कोणीतरी त्या पायऱ्यांप्रमाणे तपासून ‘साइन ऑफ’ करावे लागते. त्यानंतर गुणवत्ता पाहणारा गट तो पुन्हा तपासतो आणि शेवटी त्या आवृत्तीची जबाबदारी घेतलेली व्यक्ती तो मूळ संहितेत सामावून घेते. दरवर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यांत येणाऱ्या नव्या आवृत्त्या या चाळण्यांतून गेलेल्या असतात. दुसऱ्या पायरीवर ग्रंथपालांची गरज असते, कारण पुस्तक परत घेताना दंड बरोबर लागतो की नाही हे पारखायला प्रोग्रॅमरपेक्षा ग्रंथपाल अधिक योग्य. त्यासाठी प्रकल्पाने इंटरनेटवर सँडबॉक्स ठेवलेले आहेत, म्हणजे चाचणीपुरता उभा केलेला कोहाचा तात्पुरता नमुना. त्यात दोषाचा क्रमांक दिला की तो पॅच लावून मिळतो, आपल्या संगणकावर काही बसवावे लागत नाही, आणि काही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. मी तपासलेल्या पहिल्या पॅचखाली माझे नाव आले तेव्हा मला जो आनंद झाला तो लहान नव्हता. त्याच दिवशी हेही कळले की त्या नावाबरोबर जबाबदारीही येते. न तपासता ‘बरोबर आहे’ म्हणणे म्हणजे खोटी साक्ष देणे.

ज्यांना कोड लिहिता येतो त्यांना मी काय सांगणार. तरी जे पाहिले आहे तेवढे लिहिते. प्रत्येक नीट चालणाऱ्या प्रकल्पात योगदानाचे नियम सांगणारी एक फाइल असते, ती पूर्ण वाचावी, आणि परवानाही वाचावा. मूळ संहितेची स्वतःची प्रत घेऊन, तिची वेगळी शाखा काढून बदल करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोष दुरुस्त करता करता आवडीप्रमाणे रिकाम्या जागा आणि नावे बदलत सुटले तर तपासणाऱ्याला खरा बदल सापडत नाही. काय बदलले याहून का बदलले, हे संदेशात लिहावे. मोठे काम मनात असेल तर आधी विचारावे: वनराई बंधारा घालायला आलेला माणूस येताच मनाला वाटेल तिथे मातीची पोती रचत नाही, पाणी कुठून फुटते आहे हे आधीपासून राबणाऱ्यांना विचारून घेतो. गिट ही प्रणाली, जी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्याच कामासाठी लिहिली, तिचा आमच्याकडे एक मोठा फायदा आहे. प्रकल्पाचा सगळा इतिहास आपल्या संगणकावर असतो, त्यामुळे पावसात चार दिवस रेंज नसली तरी काम अडत नाही; रेंज आली की पाठवता येते.

पाठवल्यानंतरचा काळ मुलांना सर्वांत जड जातो. उत्तर यायला आठवडे लागतात, कधी येतच नाही, कधी चार दुरुस्त्या सुचवल्या जातात, कधी नम्रपणे नकार मिळतो. दुरुस्त्या सुचवणे म्हणजे आपल्या कामाकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले, असा त्याचा अर्थ घ्यावा. दोन-तीन आठवड्यांनी एकदा विनयाने आठवण द्यावी, रोज देऊ नये. इंग्रजीची भीती मलाही होती. लहान वाक्ये लिहिली, एका वाक्यात एकच मुद्दा मांडला, की काम भागते. या प्रकल्पांतली कितीतरी माणसे फ्रान्स, जर्मनी, ब्राझील अशा देशांतली आहेत आणि त्यांचीही ती मातृभाषा नाही. मात्र एआयकडून लिहवून घेतलेला, स्वतःला न समजलेला कोड किंवा दोषवर्णन पाठवू नये. कर्ल या, इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या साधनाच्या प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा रचलेल्या, वरवर विद्वत्तापूर्ण पण पोकळ अहवालांमुळे होणाऱ्या त्रासाविषयी २०२४ पासून उघडपणे लिहिले आहे. जे आपण स्वतः चालवून पाहिले नाही आणि ज्याविषयी विचारल्यास उत्तर देता येणार नाही, ते आपल्या नावावर पाठवणे हे मी वर म्हटलेल्या खोट्या साक्षीसारखेच आहे.

ओपनस्ट्रीटमॅप या, २००४ मध्ये सुरू झालेल्या खुल्या नकाशाविषयीही दोन शब्द लिहिते. तो सॉफ्टवेअर नव्हे, माहितीचा साठा आहे, पण हातभार लावण्याची रीत तीच आहे. आपल्या वाड्या, पाखाड्या, साकव, व्हाळ, सड्यावरच्या वाटा यांची नावे त्यात मराठीत घालता येतात, आणि ती इथल्या माणसाखेरीज कोणालाही घालता येणार नाहीत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. अशा वेळी बाहेरून येणाऱ्या मदत पथकांजवळच्या नकाशात वाडीपर्यंतची वाट आणि तिथला साकव दिसणे किती महत्त्वाचे आहे, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उचलून मात्र काही भरू नये. ते परवान्याविरुद्ध आहे. स्वतः चालत गेलेली वाट भरावी.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना माझी विनंती आहे की त्यांनी एका दिवसाची कार्यशाळा आणि एका विनंतीमागे एक प्रमाणपत्र ही पद्धत सोडावी. त्याऐवजी विद्यार्थ्याने एखादे ओपन सोर्स सॉफ्टवेअर एक सत्रभर स्वतःच्या कामासाठी वापरावे, त्यात आढळलेल्या अडचणींची वही ठेवावी आणि सत्राच्या शेवटी त्यांतली एक अडचण रीतसर कळवावी किंवा सोडवावी. ती स्वीकारली गेली की नाही यावर गुण देऊ नयेत, त्याने ती किती नीट समजून घेतली यावर द्यावेत. केरळमधल्या सरकारी शाळांत मुले अनेक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत, आणि मल्याळमसाठी खुले फॉन्ट व टंकनसाधने घडवणारा स्वयंसेवकांचा गट तिथे २००२ पासून काम करतो आहे. वापरणारे पुष्कळ झाले की त्यांतून घडवणारे निपजतात.

आमच्या वाचनालयात इंटरनेट असलेले दोन संगणक आहेत. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा या वेळात मी कोहाच्या मराठी ओळी तपासत बसते, आणि दुसरा संगणक तेव्हा रिकामा असतो. मालवण, कुडाळ, कणकवली भागातील ज्या कोणाला हे काम पाहायचे किंवा करायचे असेल त्यांनी यावे. सभासद असण्याची अट नाही. सध्या दंड आणि मुदतवाढ यांविषयीच्या ओळी चालू आहेत, आणि ‘होल्ड’ या शब्दाला ‘राखीव’ म्हणावे की ‘मागणी नोंद’, हे अजून आमचे ठरलेले नाही.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग